जावास्क्रिप्टच्या बांधणीतील वेग : स्वरूप आणि मर्यादा

वेब ॲप्लिकेशन लिहिणारा जी जावास्क्रिप्ट लिहितो आणि वाचकाचा ब्राउझर जी जावास्क्रिप्ट वाचतो, त्या दोहोंचे नाव एक असले तरी त्या दोन निरनिराळ्या भाषावस्था आहेत. लिहिणाऱ्याची भाषा शेकडो फाइलींत विखुरलेली असते. तीत टाइपांच्या खुणा असतात, रिॲक्टसारख्या पद्धतीत तर कोडच्या मध्येच पानाच्या रचनेचे तुकडे येतात, आणि नावे माणसास कळावीत अशी ऐसपैस असतात. ब्राउझरला यांपैकी पुष्कळसे नको असते, आणि काही तर मुळीच कळत नाही. पहिल्या अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत नेण्याच्या या कामास 'बिल्ड' म्हणजे बांधणी असे म्हणतात. ही बांधणी करणारी साधने २०२० नंतर झपाट्याने बदलली. ज्या कामास मिनिट दीड मिनिट लागे ते काही क्षणांत होऊ लागले, आणि आपले ॲप्लिकेशन जुन्या साधनावरून नव्यावर न्यावे की काय, हा प्रश्न विद्यापीठीय विभागांपुढेही येऊन ठेपला. कारण शब्दकोश, बोलींचे नकाशे, ध्वनिमुद्रणांच्या सूची अशी कामे आता वेबवरही होऊ लागली आहेत.

हा वेग आला कोठून, याची चौकशी सहसा होत नाही. नवे साधन अधिक जलद भाषेत लिहिलेले आहे, एवढ्या उत्तराने प्रश्न मिटविला जातो. ते उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. वेगाचा एक मोठा हिस्सा काही कामे मुळी हातीच न घेतल्याने मिळालेला आहे, आणि साधनाने टाकलेले काम कोणास तरी उचलावे लागते. ते कोणी उचलले नाही तर काय होते, हे पाहण्यासाठी प्रथम ही साधने अस्तित्वात का आली ते थोडक्यात पाहिले पाहिजे.

ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्ट तयार केली, तेव्हा तीत एका फाइलीने दुसरीस बोलावण्याची सोय नव्हती. पानास जोडलेल्या फाइली एकामागून एक वाचल्या जात आणि त्या सर्वांची नावे एकाच सामायिक कोठारात पडत. २००९ मध्ये रायन डाल यांच्या नोड.जेएसमुळे ही भाषा ब्राउझरबाहेर वावरू लागली, आणि त्याच सुमारास कॉमन-जेएस नावाचा, फाइलींना परस्परांशी जोडणारा संकेत रूढ झाला. अडचण इतकीच, की हा संकेत ब्राउझरला ठाऊक नव्हता. ब्राउझरिफाय (२०११) आणि टोबियास कॉपर्स यांचे वेबपॅक (२०१२) ही साधने या अडचणीतून जन्मली. सर्व फाइली वाचावयाच्या, कोण कोणावर अवलंबून आहे याचा आलेख काढावयाचा, आणि सर्वांचा एक गठ्ठा बांधून ब्राउझरकडे पाठवावयाचा, ही त्यांची रीत. तिला आणखीही एक आधार होता. एचटीटीपीच्या १.१ या आवृत्तीत ब्राउझर एका यजमानाशी एका वेळी साधारणतः ६ जोडण्याच करीत. म्हणून शंभर लहान फाइली मागविण्यापेक्षा एक मोठी मागविणे सोयीचे पडे.

जून २०१५ च्या मानकाने भाषेस स्वतःची मॉड्यूलपद्धती दिली. या पद्धतीचे जुनीशी असलेले अंतर भाषाशास्त्राच्या अभ्यासकास विशेष रुचेल. कॉमन-जेएसमधील 'रिक्वायर' ही क्रिया आहे. कार्यक्रम चालू असता ती कोणत्याही ओळीवर, आयत्या वेळी जुळविलेल्या नावानिशी, करता येते. नव्या पद्धतीतील 'इंपोर्ट' हे विधान आहे. ते फाइलीच्या सर्वांत वरच्या पातळीवरच येते, आणि त्यातील नाव जसेच्या तसे लिहिलेले असावे लागते. (क्रियारूप इंपोर्टही पुढे २०२० च्या मानकात आले, पण ते प्रकरण निराळे.) परिणाम असा झाला, की कोड न चालविता, नुसता वाचून, कोणती फाइल कोणाकडून काय घेते हे कळू लागले. रिच हॅरिस यांच्या रोलअपने २०१५ मध्ये याचा लाभ घेतला आणि वापरात नसलेला भाग गाळून टाकण्याची युक्ती लोकप्रिय केली. झाड हलवून वाळकी पाने पाडावीत तशी ती असल्यामुळे तिला 'ट्री शेकिंग' म्हणतात. ब्राउझरांनी ही पद्धती स्वीकारावयास मात्र दोन ते तीन वर्षे घेतली: सफारीने मार्च २०१७ मध्ये, क्रोमने सप्टेंबर २०१७ मध्ये आणि फायरफॉक्सने मे २०१८ मध्ये. या तारखा ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत, कारण पुढे आलेल्या साधनांचा पाया त्यांवरच उभा आहे.

मधल्या काळात गठ्ठा बांधण्याचे काम अवजड होत गेले. लेखक नव्या मानकाची भाषा लिहीत, पण जुन्या ब्राउझरांसाठी ती जुन्या भाषेत उतरवावी लागे; ते काम बेबेल करी. टाइपांसाठी मायक्रोसॉफ्टची टाइपस्क्रिप्ट (२०१२) आली. तिचा स्वतःचा कंपायलर होता. शेवटी मजकूर आवळून लहान करणारे तिसरे एखादे साधन असे. यांतील प्रत्येकाची कार्यपद्धती तीच: मजकूर घ्यावयाचा, त्याचे व्याकरण लावून वाक्यरचनेचा वृक्ष उभारावयाचा, वृक्षात फेरफार करावयाचे, आणि तो मोडून पुन्हा मजकूर बनवावयाचा. पुढील साधन तोच मजकूर घेऊन वृक्ष नव्याने उभारी. संस्कृतातील ग्रंथ पहलवीत, पहलवीतून अरबीत आणि अरबीतून युरोपीय भाषांत जावा, आणि प्रत्येक मुक्कामी भाषांतरकाराने आरंभापासून वाचन करावे, तशातला हा प्रकार होता. शिवाय ही सर्व साधने स्वतः जावास्क्रिप्टमध्येच लिहिलेली होती. जावास्क्रिप्ट चालविणारे यंत्र वारंवार चालणारा कोड ओळखून चालता चालता त्यास जलद करते. पण बांधणीची आज्ञा दरवेळी नव्याने सुटत असल्यामुळे हे यंत्रही दरवेळी थंड असते. साधनाने आपला कोड वाचावा, त्याआधी यंत्राला साधनाचाच कोड वाचावा लागतो.

फिग्मा या कंपनीचे एक संस्थापक एव्हन वॉलेस यांनी २०२० मध्ये एस्बिल्ड हे साधन प्रसिद्ध केले, ते नेमके या दुखण्यावर. ते गो भाषेत लिहिलेले आहे आणि आधीच यंत्रभाषेत उतरविलेल्या रूपात येते. संगणकाचे सर्व गाभे एकाच स्मृतीवर एकत्र काम करू शकतात. आणि मुख्य म्हणजे वृक्ष एकदाच उभारून त्यावरून ते अवघ्या तीन फेऱ्या करते. टाइपांच्या खुणा काढणे, नवी भाषा जुनीत उतरविणे, नावे आखूड करणे हे सर्व त्या तीन फेऱ्यांत उरकते. वॉलेस यांनी स्वतःच प्रसिद्ध केलेल्या एका चाचणीत थ्री.जेएस या ग्रंथालयाच्या १० प्रतींचा गठ्ठा बांधावयास एस्बिल्डला ०.३९ सेकंद लागले. वेबपॅकच्या पाचव्या आवृत्तीला त्याच कामास ४१.२१ सेकंद लागले. साधनाच्या कर्त्यानेच घेतलेली चाचणी म्हणून तिच्याकडे सावधपणे पाहावे हे ठीक. तथापि शंभरपटीचे अंतर केवळ चाचणी निवडण्याच्या चातुर्याने पडत नाही.

या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा ठेवून पाहण्यासारखा आहे. मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे अँडर्स हायल्सबर्ग यांनी टाइपस्क्रिप्टचा कंपायलर गो भाषेत उतरविला जात असल्याचे जाहीर केले. व्हीएस कोड या संपादकाच्या सुमारे १५ लाख ओळी तपासण्यास जुन्या कंपायलरला ७७.८ सेकंद लागत, नव्याला ७.५ सेकंद लागले. म्हणजे वेग दसपटीने वाढला. येथे काम कमी केलेले नाही. तेच काम, तीच तपासणी, दुसऱ्या भाषेत आणि अनेक गाभ्यांवर वाटून केलेली आहे. दोन्ही आकडे भिन्न कामांचे असल्यामुळे त्यांची सरळ तुलना करणे बरोबर नाही. परंतु भाषा बदलल्याने आणि काम वाटल्याने साधारण किती मिळते याचा अदमास या दुसऱ्या आकड्यावरून येतो, आणि उरलेला वेग अन्य कोठून तरी आला असला पाहिजे हेही दिसते.

तो कोठून आला हे एव्हन यू यांच्या साधनात अधिक स्पष्टपणे पाहावयास मिळते. हेही साधन २०२० मधलेच. त्याचे नाव फ्रेंच असून त्या भाषेत त्याचा अर्थ 'लवकर' असा आहे. फ्रेंचमधील अंत्य व्यंजन दंत्य असल्याने 'वीत' हे लेखन मूळ उच्चारास अधिक जवळचे होईल. इंग्रजीच्या वळणाने मात्र 'वीट' असा उच्चार होतो. दोन्ही शब्द मराठीत आधीपासून नांदत आहेत, आणि बांधणीच्या साधनास 'वीट' हे नाव शोभून दिसते; तेच येथे योजिले आहे. वेबपॅकच्या रीतीत लेखकाने सर्व्हर सुरू केला, की प्रथम सगळा गठ्ठा बांधला जाई आणि मग पान दिसे. 'वीट' विकासाच्या काळात लेखकाच्या फाइलींचा गठ्ठा बांधतच नाही. ब्राउझरला आता 'इंपोर्ट' कळते. तेव्हा ज्या फाइलीची गरज त्यास पडेल ती त्याने मागावी, आणि सर्व्हरने त्या क्षणी तेवढीच फाइल भाषांतरित करून द्यावी, असा हा व्यवहार आहे. शिवलेला ग्रंथ आणि सुट्या पानांची पोथी यांत जो फरक तोच येथे आहे. पोथीतील एक पान बदलावयाचे झाल्यास ते पान तेवढे नवे लिहून ठेवता येते. शिवलेल्या ग्रंथाची शिवण उसवावी लागते. म्हणून ॲप्लिकेशन मोठे झाले तरी एका फाइलीतील दुरुस्ती पडद्यावर दिसण्यास लागणारा वेळ फारसा वाढत नाही.

पोथीची अडचणही याबरोबर आलीच. लोडॅश-ईएस या ग्रंथालयात ६०० हून अधिक अंतर्गत मॉड्यूले आहेत. त्यातील एक लहानसे फंक्शन मागितले तरी ब्राउझर ६०० हून अधिक मागण्या करू लागतो. म्हणून 'वीट' बाहेरच्या ग्रंथालयांचे छोटे गठ्ठे आधीच बांधून ठेवते. लेखकाची पाने सुटी, ग्रंथालयांची शिवलेली. आणि ॲप्लिकेशन वाचकांच्या हाती द्यावयाचे झाले, की सारेच पुन्हा शिवावे लागते, कारण एका फाइलीतून दुसरी, दुसरीतून तिसरी अशा मागण्यांच्या फेऱ्या दूरच्या वाचकास परवडत नाहीत. या अखेरच्या शिवणीसाठी 'वीट'च्या २०२१ मधील दुसऱ्या आवृत्तीपासून २०२५ मधील सातव्या आवृत्तीपर्यंत रोलअप हेच साधन होते. लेखक दिवसभर एका साधनाने भाषांतरित झालेली पाने पाहतो आणि वाचकास दुसऱ्याच साधनाने शिवलेला ग्रंथ मिळतो, असे हे द्वैत आहे. ते मिटावे या हेतूने रस्ट भाषेत लिहिलेले रोलडाउन हे साधन २०२४ मध्ये खुले करण्यात आले. ज्या आवृत्तीत हे द्वैत आहे तीत केलेले काम अंतिम बांधणीनंतर पुन्हा तपासल्यावाचून प्रसिद्ध करणे धाडसाचे होय.

आता टाकलेल्या कामाकडे वळावे. टाइपस्क्रिप्टच्या कंपायलरची कामे दोन होती. एक, टाइपांच्या खुणा काढून टाकणे. दुसरे, त्या खुणांचा अर्थ लावून विधाने परस्परांशी सुसंगत आहेत की नाहीत हे पाहणे. एस्बिल्ड पहिले काम करते. दुसरे करीतच नाही. मोडीतील कागद बाळबोधीत उतरविणारा लेखनिक अक्षरे अचूक उतरवील, परंतु दस्तऐवजात एकाच शेताचे क्षेत्र दोन ठिकाणी दोन लिहिले आहे याकडे त्याचे लक्ष जाणार नाही. ते त्याचे कामच नव्हे. एस्बिल्ड हा असा लेखनिक आहे. जो कोड टाइपांच्या दृष्टीने उघडउघड चुकीचा आहे तोही ते बिनतक्रार उतरवून देते, आणि बांधणी यशस्वी झाली असे सांगते. या सांगण्यात खोटे काही नाही. ज्याने जुन्या साधनाच्या सवयीने त्याचा अर्थ 'तपासणी यशस्वी झाली' असा घेतला, तो मात्र फसतो.

अर्थाची तपासणी टाकली, एवढ्यावर हे थांबत नाही. एस्बिल्ड टाइपस्क्रिप्टची प्रत्येक फाइल एकेकटी भाषांतरित करते. भाषांतराच्या वेळी दुसऱ्या फाइलीतील टाइपांची माहिती पाहत नाही. वेगासाठी हे फार उपयोगाचे आहे, कारण मग शंभर फाइली शंभर हातांत देता येतात. परंतु भाषेत काही रचना अशा असतात की त्यांचा अर्थ एकेकट्या लागत नाही. मराठीत 'कर' हा शब्द सुटा समोर आला, तर ते आज्ञार्थी क्रियापद आहे, की सरकारी कर आहे, की हात आहे, हे वाक्यावाचून ठरत नाही. टाइपस्क्रिप्टमध्येही एका फाइलीतून आलेले नाव दुसरी फाइल तसेच पुढे पाठविते तेव्हा ते नाव टाइपाचे आहे की मूल्याचे, हे नावावरून कळत नाही. टाइपाचे असेल तर ते पुसले पाहिजे. मूल्याचे असेल तर राखले पाहिजे. मूळ फाइल उघडून पाहणाऱ्या कंपायलरला यात अडचण नव्हती. एकेकटी फाइल वाचणाऱ्याला ती आहे. म्हणून टाइपस्क्रिप्टच्या ३.८ या आवृत्तीत (२०२०) 'हे नाव टाइपाचे आहे' असे लेखकानेच शब्दाने सांगण्याची सोय करण्यात आली.

पाणिनीय परंपरेचा परिचय असलेल्या वाचकास येथे अनुवृत्तीची आठवण होईल. आधीच्या सूत्रातील पद पुढील सूत्रांत चालत येते, म्हणून सूत्रे कमालीची आखूड ठेवता येतात. पण मधलेच एक सूत्र उचलून वाचणाऱ्यास त्याचा अर्थ लागत नाही. संक्षेप आणि स्वयंपूर्णता यांचा हा जुनाच व्यवहार आहे. जुना कंपायलर सगळा पाठ मुखोद्गत असलेल्या वैयाकरणासारखा होता, आणि त्याच्या भरवशावर लेखकांनी पुष्कळ गोष्टी अध्याहृत ठेवल्या. नव्या साधनास अध्याहृत काही चालत नाही. यास्तव जुने ॲप्लिकेशन नव्या साधनावर नेताना खरे श्रम साधनाची मांडणी बदलण्यात पडत नाहीत. ते अध्याहृत होते ते उघड लिहिण्यात पडतात. टाइपस्क्रिप्टमध्ये 'प्रत्येक फाइल सुटी मानावी' असा एक नियम लागू करता येतो. तो लागू केला म्हणजे अशी स्थळे कंपायलर स्वतःच दाखवून देतो. साधन बदलण्याच्या आधी, जुन्याच साधनावर असताना, हा नियम लावून पाहणे शहाणपणाचे आहे.

देवनागरी मजकूर बाळगणाऱ्या ॲप्लिकेशनांना आणखी एका गोष्टीची दखल घ्यावी लागते. एस्बिल्ड मुळात आपले उत्पादन केवळ आस्की चिन्हांत लिहिते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ते सहा आस्की चिन्हांच्या सांकेतिक रूपात मांडते. पानाने आपली वर्णसंकेत-पद्धती जाहीर केली नसेल तर ब्राउझर मजकूर चुकीचा वाचू शकतो, ही त्यामागची सावधगिरी. इंग्रजी मजकुरास याने काही फरक पडत नाही. 'भाषा' या शब्दात मात्र युनिकोडची चार चिन्हे आहेत. यूटीएफ-८ मध्ये त्यांस १२ बाइट लागतात, आणि या सांकेतिक रूपात २४. सहस्रावधी नोंदींचा शब्दसंग्रह कोडमध्येच गुंफलेला असेल, तर त्यातील मराठी भाग दुप्पट होतो. वाटेत मजकूर दाबून पाठविला जात असल्यामुळे प्रत्यक्ष भार तितका वाढत नाही, आणि यूटीएफ-८ राखण्याचा पर्यायही एका शब्दाने निवडता येतो. तथापि तो पर्याय आहे हे ठाऊक असावे लागते. (खरे पाहता शब्दसंग्रह कोडमध्ये ठेवूच नये, पण ठेवलेला आढळतो.)

याहून नाजूक बाब शोधाची आहे. 'ज्याची लिपी देवनागरी ते चिन्ह' असे गुणधर्माने वर्णन करून मजकुरात शोध घेण्याची सोय २०१८ च्या मानकात आली. ही सोय नसलेल्या ब्राउझरांसाठी बेबेल अशा वर्णनाचा विस्तार करून प्रत्यक्ष चिन्हांच्या पल्ल्यांची यादीच लिहून देई. एस्बिल्ड तसे करीत नाही. ते वर्णन जसेच्या तसे ठेवून, जुन्या ब्राउझरसाठी पूरक कोड लेखकाने आणावा अशी अपेक्षा करते. फायरफॉक्समध्ये ही सोय जून २०२० मध्ये आली. त्याआधीच्या फायरफॉक्सवर कोशाचे पान उघडेल, सजावट दिसेल, आणि शोधाची वेळ येताच ते अडेल. बांधणीच्या वेळी याची सूचना लेखकाच्या नजरेस येईलच असे नाही.

प्रत्यक्ष स्थलांतराचे सर्वांत परिचित उदाहरण क्रिएट रिॲक्ट ॲपचे होय. जुलै २०१६ मध्ये आलेल्या या साधनाने वेबपॅक आणि बेबेल यांची सगळी गुंतागुंत झाकून ठेवली, आणि रिॲक्ट शिकणाऱ्या पुष्कळांनी आपले पहिले ॲप्लिकेशन त्यानेच उभारले. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिॲक्टच्या कर्त्यांनी ते नव्या कामांसाठी अधिकृतपणे निवृत्त केले. त्यावर उभारलेले एखाद्या बोलीकोशाचे ॲप्लिकेशन 'वीट'वर न्यावयाचे आहे, अशी कल्पना करावी. मुखपृष्ठाची एचटीएमएल फाइल 'पब्लिक' नावाच्या कप्प्यातून मुळाशी आणावी लागते. ज्या फाइलींत पानाच्या रचनेचे तुकडे आहेत त्यांचे प्रत्यय बदलावे लागतात. 'रिक्वायर' जेथे उरले असेल तेथे 'इंपोर्ट' करावे लागते. तयार माल 'बिल्ड' ऐवजी 'डिस्ट' नावाच्या कप्प्यात पडतो, एवढेही सर्व्हर सांभाळणाऱ्यास सांगावे लागते. ही कामे कंटाळवाणी आहेत, पण चुकली तर बहुधा ताबडतोब कळतात.

न कळणारी चूक निराळीच असते. कोशाचा विदा ज्या पत्त्यावरून यावयाचा तो पत्ता कोडबाहेर, वातावरणाच्या चलांत, ठेवण्याचा प्रघात आहे. जुन्या साधनात ही चले 'प्रोसेस.एन्व्ह' या नावाखाली, आणि 'रिॲक्ट-ॲप' या उपसर्गासह लिहिली जात. बांधणीच्या वेळी त्या नावाच्या जागी मूल्य बसविले जाई. 'वीट'मध्ये ती 'इंपोर्ट.मेटा.एन्व्ह' खाली येतात आणि उपसर्ग 'वीट' असा असतो. हा उपसर्ग शोभेचा नाही: तो असलेली चलेच ब्राउझरपर्यंत पोहोचू दिली जातात, म्हणजे परवलीचे शब्द चुकून बाहेर पडत नाहीत. जुने नाव एखाद्या कोपऱ्यातील फाइलीत तसेच राहिले तर बांधणी अडत नाही. ती ओळ जेव्हा प्रत्यक्ष चालेल तेव्हाच ब्राउझर 'प्रोसेस' हे काय म्हणून विचारील. ती ओळ महिन्यातून एकदा वापरल्या जाणाऱ्या निर्यातीच्या पानावर असेल, तर चूक महिन्याने उघडकीस येईल. आणि चलाचा नुसता उपसर्गच बदलावयाचा राहिला, तर ब्राउझर तक्रारही करीत नाही. मूल्याच्या जागी रिकामेपण मिळते.

क्रिएट रिॲक्ट ॲपमध्ये टाइपांची तपासणी बांधणीत गोवलेली होती. टाइप चुकला की अंतिम बांधणी अडे. 'वीट'मध्ये ती नाही. चाचण्या चालविणारे जेस्ट हे साधनही त्यात अंतर्भूत होते. 'वीट'बरोबर ते येत नाही, त्याऐवजी व्हीटेस्टची योजना वेगळी करावी लागते. अशा प्रकारे जुन्या साधनाने न सांगता केलेल्या दोन राखणी स्थलांतराच्या दिवशी गुपचूप उठतात. टाइपस्क्रिप्टचा कंपायलर 'फाइली लिहू नको, फक्त तपास' अशा आज्ञेने स्वतंत्रपणे चालविता येतो, आणि प्रसिद्धीपूर्वी तो चालल्यावाचून पुढे जाऊ नये अशी व्यवस्था लावता येते. ही व्यवस्था पहिल्याच दिवशी लावली पाहिजे. सवड मिळेल तेव्हा ती लावू असे म्हणणाऱ्या विभागात, ॲप्लिकेशन रचणारा विद्यार्थी पदवी घेऊन गेलेला असतो आणि ती राखण पूर्वी होती हेही पुढच्यास ठाऊक नसते.

राहता राहिले जुने ब्राउझर. भाषाविषयक ॲप्लिकेशनांच्या बाबतीत हाच मुद्दा सर्वांत जड आहे, कारण त्यांचे वाचक केवळ विद्यापीठात बसलेले नसतात. ज्यांची बोली नोंदविली ते भाषकही असतात, आणि त्यांच्या हातातील फोन बहुधा जुना असतो. बेबेल २००९ च्या भाषेपर्यंत मागे नेऊ शकते. एस्बिल्ड २०१५ च्या भाषेच्या मागे जात नाही. 'वीट' आपली मर्यादा आणखी पुढे ठेवते, आणि ती दर मोठ्या आवृत्तीगणिक सरकू शकते: सहाव्या आवृत्तीपर्यंत ती क्रोम ८७ होती, सातवीत (जून २०२५) क्रोम १०७ झाली. अँड्रॉइडची २०१५ मधील सहावी आवृत्ती ज्या फोनांवर आहे त्यांना मिळालेले शेवटचे क्रोम १०६ वे होय. एका अंकाने हे फोन रेषेपलीकडे गेले. त्यांवर पान उघडणारच नाही असे नव्हे. त्या कोडमध्ये नवी रचना वापरलेली नसेल तर ते उघडेलही. परंतु साधन त्याची हमी घेत नाही. मर्यादा स्वतः मागे ओढता येते, आणि फार जुन्या ब्राउझरांसाठी एक अधिकृत प्लगइनही आहे. ते दुसरा, जुन्या भाषेतील गठ्ठा बांधून देते, आणि त्यासाठी बेबेललाच परत बोलावते. वेळ पुन्हा वाढतो. टाकलेले काम उचलले की त्याचे मोल द्यावेच लागते. फक्त ते आता अंतिम बांधणीच्या वेळी एकदाच द्यावे लागते, दुरुस्तीच्या प्रत्येक ओळीगणिक नाही. हा लाभ लहान नाही, आणि साधन बदलण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.

मात्र ती मर्यादा कोणी ठरवावी, हा निर्णय साधनाच्या मूळ योजनेवर सोडू नये. सर्व्हरच्या नोंदवहीत वाचकांचे ब्राउझर कोणकोणत्या आवृत्तींचे आहेत ते पाहता येते. ती नोंद एक सत्रभर पाहून मर्यादा लिहावी. नोंदवही ज्यांना पान उघडता आले नाही त्यांचीही साक्ष देते, कारण पान मागण्याची नोंद ते उघडण्यापूर्वीच झालेली असते. त्यानंतर जुनी आणि नवी अशा दोन्ही बांधण्या काही आठवडे शेजारी शेजारी ठेवाव्यात, आणि क्षेत्रकार्यास निघणाऱ्या विद्यार्थ्यांनी नवी बांधणी प्रथम भाषकाच्या फोनवर उघडून पाहावी. शोधाच्या चौकटीत त्याच्या बोलीतील एक शब्द लिहून नोंद समोर येते की नाही, एवढे पाहिले तरी वर सांगितलेल्या अडचणींपैकी निम्म्या तेथेच उघड होतात.